हातावर पोट असलेल्यांचा वैद्य : बेर्नार्दिनो रामाझिनी

हजेरीपत्रक फार थोडे बोलते. कामगार आला की नाही, एवढेच त्याला सांगता येते. आलेल्या कामगाराची पाठ धरलेली आहे का, मनगट सुजले आहे का, दुखऱ्या गुडघ्यावर तो दिवसभर उभा राहणार आहे का, याची नोंद त्यात होत नाही. आजारी असूनही कामावर येण्याच्या या प्रकाराला विसाव्या शतकाच्या अखेरीस ‘प्रेझेंटीझम’ हे नाव रूढ झाले आणि त्याचे मोजमाप करणाऱ्या प्रश्नावल्याही तयार झाल्या. स्नायू आणि सांधे यांची दुखणी असलेले कामगार या अभ्यासात नेहमीच अग्रभागी राहिले आहेत. ही दुखणी माणसाला अंथरुणाला खिळवत नाहीत. पण धड कामही करू देत नाहीत. या विषयाचा उगम शोधत मागे गेले, तर वाट अठराव्या शतकाच्या उंबरठ्यावरील इटलीतील एका वैद्याच्या दारापाशी येऊन थांबते. बेर्नार्दिनो रामाझिनी हे त्यांचे नाव. व्यवसायजन्य रोगांच्या वैद्यकाचे जनक म्हणून जग त्यांना ओळखते.

रामाझिनी यांचा जन्म १६३३ साली उत्तर इटलीतील कार्पी या गावी झाला. हे गाव मोदेना शहराजवळ असून त्या काळी तेथे एस्ते घराण्याची सत्ता होती. गावातील जेझुइट पंथीयांच्या शाळेत प्राथमिक शिक्षण घेतल्यावर ते पार्मा विद्यापीठात गेले. प्रथम तत्त्वज्ञान आणि मग वैद्यक असा अभ्यास करून १६५९ साली त्यांनी पदवी मिळवली. पुढील अनुभवासाठी त्यांनी रोम गाठले. तेथे काही काळ उमेदवारी केल्यानंतर रोमच्या उत्तरेकडील कानिनो आणि मार्ता या गावांमध्ये वैद्य म्हणून त्यांची नेमणूक झाली. हा प्रदेश हिवतापासाठी कुप्रसिद्ध होता. रोग्यांना तपासता तपासता तरुण वैद्यालाच तापाने गाठले. प्रकृती इतकी ढासळली, की सारे सोडून त्यांना कार्पीला परतावे लागले. आजारपणामुळे हातातले काम सुटते तेव्हा माणसाचे काय होते, याचा हा त्यांचा स्वतःचा पहिला धडा होता. मात्र घरी परतायला त्यांना घर होते आणि बरे होईपर्यंत थांबण्याइतकी सवडही होती. ज्यांना अशी सवड नसते, त्यांच्याशी त्यांची खरी गाठ पुढे पडायची होती.

कार्पीमध्ये त्यांनी पुन्हा वैद्यकी सुरू केली. फ्रांचेस्का रीगी यांच्याशी विवाह झाला, संसार उभा राहिला. १६७१ मध्ये ते मोदेना या राजधानीच्या शहरात राहायला गेले. तेथील प्रस्थापित वैद्यांनी या नवागताचे स्वागत केले नाही. वाद झाले, पत्रके निघाली, एका सरदार घराण्यातील बाळंतिणीच्या मृत्यूवरून तर लेखणीयुद्ध बरीच वर्षे चालले. रामाझिनी वादाला मागे हटणारे नव्हते. तरीही त्यांची कीर्ती वाढली ती वादांमुळे नव्हे, निरीक्षणामुळे. ड्यूक फ्रांचेस्को दुसरा याने मोदेनाच्या विद्यापीठाचे पुनरुज्जीवन केले, तेव्हा १६८२ साली वैद्यकाचे अध्यापनपद रामाझिनी यांच्याकडे आले. पुढची अठरा वर्षे ते या पदावर होते.

मोदेनातील त्यांचे काम पाहिले, तर मोजमापाची त्यांना केवढी ओढ होती हे ध्यानात येते. १६९० साली मोदेनाच्या ग्रामीण भागात तापाची साथ पसरली. त्या वर्षीचा अतोनात पाऊस, पिकांवर पडलेला तांबेरा, साचलेले पाणी आणि शेतकऱ्यांची अवस्था यांची सांगड घालून त्यांनी साथीचा वृत्तान्त लिहिला. पुढच्या वर्षी साथीने शहराकडे मोर्चा वळवला, तेव्हा तिचाही वृत्तान्त त्यांनी नोंदवला. १६९१ मध्ये मोदेनाच्या विहिरींवर त्यांचा ग्रंथ आला. या विहिरी खणताना विशिष्ट थरापर्यंत पोचून शेवटी गिरमिटाने भोक पाडले, की पाणी आपोआप उसळून वर येते, या चमत्काराचा उलगडा करण्यासाठी ते स्वतः विहिरीत उतरले होते. १६९४ या वर्षभर त्यांनी वायुभारमापकाच्या नोंदी ठेवल्या. पावसाळी हवेत पारा खाली का येतो, या प्रश्नावर त्यांचा इतर विद्वानांशी वाद झाला आणि त्या चर्चेत लायब्निट्झसारख्या तत्त्वज्ञाचाही सहभाग होता. हवेचा दाब असो वा जमिनीखालचे पाणी, दिसत नाही म्हणून ते अस्तित्वात नाही असे मानायचे नाही, ही त्यांची वृत्ती या साऱ्या कामांतून घडत गेली.

त्यांच्या आयुष्याला वळण देणारा प्रसंग मात्र अगदी साधा होता. मोदेना हे दाटीवाटीचे शहर. घरे उंच आणि एकमेकांना चिकटून असलेली. घरांखालचे मैलाकुंड दर तीन वर्षांनी साफ करण्याची तेथे प्रथा होती. रामाझिनी यांच्या घरी हे काम चालू असताना त्यांचे लक्ष एका कामगाराकडे गेले. तो विलक्षण घाईने, जिवाच्या आकांताने काम उरकत होता. इतकी घाई का, थोडे सबुरीने घे, असे त्यांनी त्याला सुचवले. त्यावर त्याने मान वर करून सांगितले, की या जागेत चार तासांपेक्षा अधिक काळ राहण्याची किंमत काय असते, ते इथे न उतरलेल्याला कळणार नाही; इथे अधिक काळ थांबणे म्हणजे डोळे गमावणे आहे. तो वर आल्यावर रामाझिनी यांनी त्याचे डोळे तपासले. ते लाल झाले होते, दृष्टी मंदावली होती. यावर तुम्ही काय उपाय करता, असे विचारल्यावर कळले, की ही माणसे थेट घरी जातात, अंधाऱ्या खोलीत स्वतःला कोंडून घेतात आणि दुसऱ्या दिवसापर्यंत कोमट पाण्याने डोळे धूत राहतात. एवढाच काय तो त्यांचा औषधोपचार. त्यानंतर शहरात भीक मागत फिरणाऱ्या काही अर्धांध आणि पूर्णांध माणसांकडे रामाझिनी यांनी नव्या नजरेने पाहिले. पूर्वी तीही हेच काम करत असल्याचे त्यांना आढळले.

या प्रसंगाचा ठसा त्यांच्या मनावर कायमचा उमटला. कामगार रोगी पडतो हे सर्वांना ठाऊक होते. काम हेच त्याच्या रोगाचे मूळ असू शकते, ही गोष्ट मात्र खाणकामगारांसारखे काही अपवाद सोडले तर वैद्यकाने फारशी मनावर घेतलेली नव्हती. रामाझिनी शहरातील कारखान्यांमध्ये, दुकानांमध्ये, भट्ट्यांमध्ये जाऊ लागले. विद्यापीठातील एक प्राध्यापक लोहाराच्या भात्यापाशी, कुंभाराच्या चाकापाशी, चांभाराच्या पाटापाशी जाऊन बसतो, हे दृश्य त्या काळी विचित्रच वाटले असेल. त्यांना स्वतःला त्यात कसलाही कमीपणा वाटला नाही. अशा हलक्या मानलेल्या जागांतच वैद्यकाला शिकण्यासारखे पुष्कळ आहे, अशी त्यांची धारणा होती.

या भटकंतीतून १७०० साली मोदेना येथे ‘दे मोर्बिस आर्तिफिकुम दिआत्रिबा’ हा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध झाला. कारागिरांच्या रोगांवरील प्रबंध, असा त्याच्या नावाचा अर्थ. खाणकामगार, सोन्याचा मुलामा देणारे, कुंभार, काच बनवणारे, लोहार, धोबिणी, तंबाखूचे कामगार, सुईणी, दाया, प्रेते वाहणारे, दळणारे, पाथरवट, गवंडी, हमाल, शेतकरी, कोळी, शिपाई आणि अखेरीस विद्वानही, अशा चाळीसच्या आसपास व्यवसायांचा विचार त्यात होता. ग्रंथाच्या प्रास्ताविकातच त्यांनी वैद्यांना उद्देशून एक सूचना केली. गरिबाच्या घरी गेलेल्या वैद्याने सोन्याने मढवलेल्या खुर्चीची वाट न पाहता तिपाईवर बसावे. उभ्या उभ्या नाडी पाहून निघून जाऊ नये. सवडीने रोग्याची विचारपूस करावी. हिपोक्रेटीसने रोग्याला विचारावयाचे जे प्रश्न सांगितले आहेत त्यांत आणखी एकाची भर घालावी. तो प्रश्न म्हणजे रोग्याचा व्यवसाय कोणता. वैद्यकाच्या इतिहासात इतक्या छोट्या प्रश्नाने इतका मोठा बदल क्वचितच घडवला असेल.

कामातून होणाऱ्या रोगांची कारणे रामाझिनी यांनी दोन गटांत विभागली. पहिले कारण म्हणजे हाताळावे लागणारे घातक पदार्थ, त्यांच्या वाफा आणि त्यांची धूळ. दुसरे कारण अधिक सूक्ष्म होते. शरीराच्या जोरकस आणि अनियमित हालचाली आणि अनैसर्गिक बैठक यांमुळे सजीव शरीरयंत्राची घडण हळूहळू बिघडत जाते, असे त्यांनी प्रतिपादन केले. शिसे आणि पारा यांची विषबाधा तत्पूर्वीही माहीत होती. परंतु नुसते बसणे, नुसते उभे राहणे किंवा एकच हालचाल दिवसभर करत राहणे हेही रोगाचे कारण ठरू शकते, हा विचार एवढ्या स्पष्टपणे आणि इतक्या व्यवसायांच्या दाखल्यांसह मांडला गेला तो या ग्रंथात. स्नायू आणि सांधे यांच्या व्यवसायजन्य दुखण्यांचे शास्त्र येथून सुरू होते, असे म्हणण्यास हरकत नाही.

बसून काम करणाऱ्यांवरील प्रकरण या दृष्टीने वाचनीय आहे. शिंपी आणि चांभार वर्षानुवर्षे पुढे वाकून बसतात. त्यांची पाठ कमानीसारखी होते आणि काम संपल्यावरही ती सरळ होत नाही. शिंपी एक पाय दुसऱ्या मांडीवर घेऊन बसत असल्यामुळे त्यांच्या मांड्यांना मुंग्या येतात, कंबर धरते, कमरेपासून पायापर्यंत कळा जातात. सणाच्या दिवशी या कारागिरांच्या संघांची मिरवणूक शहरातून निघे. दोन-दोनच्या रांगेत चालणारी, पोक आलेली, लंगडणारी, डावीउजवीकडे झुलणारी ती माणसे पाहून रस्त्यावरील लोकांना हसू येत असे. रामाझिनी यांनी तीच मिरवणूक वैद्याच्या नजरेने पाहिली. ज्याची टिंगल होत होती, ते त्यांच्या लेखी लक्षण होते. अशा माणसांनी निदान सुट्टीच्या दिवशी तरी व्यायाम करावा आणि अनेक दिवसांच्या बैठकीची काही अंशी भरपाई करावी, असा सल्ला त्यांनी दिला.

उभे राहून काम करणाऱ्यांच्या बाबतीत त्यांनी एक मार्मिक प्रश्न उपस्थित केला. थोडा वेळ स्वस्थ उभे राहण्याने माणूस जितका थकतो, तितका तो चालण्याने किंवा धावण्यानेही थकत नाही. असे का व्हावे? त्यांनी आपल्या काळातील बोरेल्लीच्या स्नायूविषयक संशोधनाचा आधार घेतला. चालताना स्नायू आळीपाळीने ताणले आणि सैल सोडले जातात. उभे असताना तेच स्नायू सतत ताणलेले राहतात आणि त्यांना विसावा मिळत नाही. आजच्या श्रमशास्त्रात ज्याला स्थिर भार म्हणतात, त्याचेच हे वर्णन आहे. सुतार, करवत्ये, लोहार, गवंडी यांच्या पायांवरील फुगलेल्या शिरा आणि चिघळणाऱ्या जखमा त्यांनी याच कारणाशी जोडल्या. अधूनमधून बसावे, थोडे चालावे, उभे राहण्यात खंड पाडावा, हा त्यांचा उपाय तीन शतकांनंतरही बदललेला नाही.

विणकर स्त्रियांचे हात, दंड, पाय आणि पाठ सारेच एकाच वेळी राबत असल्याने त्या दिवसाअखेरी गळून जातात, हे त्यांनी नोंदवले. रात्रभर कणीक तिंबणाऱ्या भटारखान्यातील कामगारांचे हात सुजून जाड होतात आणि अशा हातांवरूनच त्यांचा व्यवसाय ओळखता येतो, हेही त्यांनी लिहिले. हमालांच्या पाठीच्या कण्याला येणारा बाक, त्यांच्या छातीवर पडणारा ताण आणि ओझे उचलताना होणारा अंतर्गळ यांचीही त्यांनी दखल घेतली.

सर्वांत बोलके उदाहरण लेखनिकांचे आहे. त्यांच्या दुखण्याला रामाझिनी यांनी तीन कारणे दिली : सततची बैठक, हाताची एकाच प्रकारची अखंड हालचाल आणि हिशेबात चूक होऊ नये म्हणून मनावर असणारा ताण. त्यांच्या ओळखीचा एक दस्तऐवज-लेखक होता. त्याचे सारे आयुष्य लिहिण्यात गेले होते आणि त्यावर त्याने बऱ्यापैकी पैसाही मिळवला होता. प्रथम त्याचा उजवा हात जड वाटू लागला. औषधांनी गुण येईना. अखेरीस तो हात पूर्ण लुळा पडला. तेव्हा त्याने डाव्या हाताने लिहिण्याचा सराव केला. काही काळाने डाव्या हातालाही तोच विकार जडला. या छोट्याशा हकिकतीत एका कामगाराची सारी शोकान्तिका आहे. दुखणाऱ्या हाताने तो लिहीतच राहिला. तो हात गेल्यावर दुसरा कामी लावला. थांबणे मात्र त्याला जमले नाही. त्या कार्यालयात हजेरीपत्रक असते, तर त्याच्या नावापुढे शेवटपर्यंत हजेरीच लागली असती.

रामाझिनी यांच्या ग्रंथाचे खरे मर्म येथे आहे. त्यांनी रोगांची यादी केली, पण यादीपाशी ते थांबले नाहीत. रोगी माणूस कामावर का जातो, हा प्रश्नही त्यांनी विचारात घेतला. कारागीर लवकर बरे झाले नाहीत, तर दुखणे अंगावर घेऊनच ते कामावर परततात आणि दीर्घकाळ चालणारे उपचार टाळतात, असे त्यांच्या वारंवार पाहण्यात आले होते. आजारी पडून राहण्याची चैन श्रीमंतांना परवडते. ज्याचे हातावर पोट आहे त्याला अंथरुणावर पडल्या पडल्या घरच्यांची उपासमार दिसत असते आणि त्या काळजीने त्याचा रोग अधिकच बळावतो. म्हणून अशा रोग्याला होता होईल तो लवकर उभे करावे, त्याच्या खिशाला आणि वेळेला झेपतील असेच उपाय सांगावेत, असा त्यांचा आग्रह होता. शहरातल्या सुखवस्तू माणसांसाठी ठरवलेले रक्तमोक्षण आणि रेचके शेतात राबणाऱ्यांना सरसकट देऊ नयेत, असेही त्यांनी बजावले. अनेकदा काम सोडण्याचा सल्ला देणेच योग्य असते, हे त्यांना कळत होते. तो सल्ला पाळला जाणार नाही, हेही कळत होते. शास्त्राची आज्ञा आणि चुलीची गरज यांच्यामध्ये सापडलेल्या माणसाला दोष न देता त्यातल्या त्यात कमी हानी होईल असा मार्ग दाखवणे, हे त्यांनी वैद्याचे कर्तव्य मानले.

या ग्रंथाला मर्यादाही होत्या. रामाझिनी यांनी कामगारांची मोजदाद केली नाही. अमुक शिंप्यांपैकी किती जणांची कंबर दुखते, याची टक्केवारी त्यांच्याकडे नाही. वायुभारमापकाच्या नळीतील पाऱ्याची वर्षभर नोंद ठेवणाऱ्या या माणसाला वेदनेसाठी तसे उपकरण उपलब्ध नव्हते. रोगाची मीमांसा करताना ते शरीरातील रसांच्या जुन्या कल्पनांचा आधार घेत आणि त्यांचे अनेक उपचार आज निरुपयोगी ठरले आहेत. परंतु मोजण्यापूर्वी काय मोजायचे ते दिसावे लागते. ते दाखवण्याचे काम त्यांनी केले.

ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच वर्षी व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने रामाझिनी यांना पादुआ विद्यापीठात पाचारण केले. वैद्यकाच्या अभ्यासात पादुआचे नाव साऱ्या युरोपात आदराने घेतले जात असे. त्या वेळी त्यांचे वय ६७ होते. नव्या शहरात, नव्या पदावर रुजू होताना त्यांचा उत्साह तरुणासारखा असला, तरी शरीर साथ देत नव्हते. डोकेदुखी आणि छातीत धडधड होण्याचा विकार त्यांना त्रास देत होता. पादुआला येऊन तीनएक वर्षे होतात न होतात तोच डोळ्यांचे दुखणे सुरू झाले. ते इतके वाढले, की लिहिणे-वाचणे जवळजवळ अशक्य झाले. मैलाकुंडातील कामगाराचे डोळे तपासून ज्याने आपल्या शास्त्राचा आरंभ केला, त्याच्याच डोळ्यांपुढे आता अंधार दाटू लागला होता.

१७०८ साली व्हेनिसच्या राज्यसभेने त्यांना पादुआतील वैद्यकमंडळाचे प्रमुखपद देऊ केले आणि त्याच्या पुढल्या वर्षी प्रत्यक्ष चिकित्सेचे पहिले अध्यासन. दृष्टी गेल्याचे कारण पुढे करून त्यांनी ही पदे नाकारण्याचा प्रयत्न केला. राज्यसभेने ते मान्य केले नाही. मात्र आपल्या प्रकृतीप्रमाणे, जेव्हा आणि जसे जमेल तसे काम करण्याची मुभा त्यांना दिली. इथे त्यांच्या आयुष्यातील एक विरोधाभास नजरेत भरतो. आजारी असूनही ते काम करत राहिले, जसे त्यांच्या ग्रंथातील शिंपी आणि विणकर करत होते. फरक एवढाच, की त्यांना सवलत मिळाली होती. काम माणसाच्या प्रकृतीला जुळवून घ्यायला तयार झाले, तर रोगी माणूसही उत्तम काम करू शकतो, याचा पुरावा म्हणून त्यांच्याच उत्तरायुष्याकडे बोट दाखवता येईल. या काळात त्यांनी राजेलोकांच्या आरोग्यावर ग्रंथ लिहिला, १७११ च्या गुरांच्या साथीवर व्याख्यान दिले आणि १७१३ साली, ऐंशीच्या घरात असताना, कारागिरांच्या रोगांवरील आपल्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती पादुआतून काढली. या आवृत्तीत बारा नव्या प्रकरणांची भर होती. लेखनिकांवरील आणि विणकरांवरील प्रकरणे याच पुरवणीतील आहेत. ज्याला स्वतःला लेखणी धरून लिहिणे कठीण झाले होते, त्याने लेखनिकांच्या दुखऱ्या हाताची कहाणी जगापुढे ठेवली.

५ नोव्हेंबर १७१४ रोजी ते नेहमीप्रमाणे व्याख्यानाला निघाले असता त्यांना पक्षाघाताचा झटका आला. काही तासांतच त्यांची प्राणज्योत मालवली. वयाच्या ८१ व्या वर्षी, कामावर जाता जाता त्यांना मृत्यू आला.

रामाझिनी यांचा ग्रंथ त्यांच्यानंतरही वाचला जात राहिला. पहिल्या आवृत्तीनंतर पाचच वर्षांत त्याचे इंग्रजी भाषांतर झाले होते. १७७७ मध्ये फुरक्रॉय याने तो फ्रेंचमध्ये आणला. अर्थशास्त्राचा पाया घालणाऱ्या अ‍ॅडम स्मिथने १७७६ च्या आपल्या महाग्रंथात या इटालियन वैद्याचा उल्लेख केला आहे, आणि त्याचा संदर्भ मोठा अर्थपूर्ण आहे. नगावर मजुरी मिळू लागली, की कामगार स्वतःवर जास्तीचे ओझे घेतात आणि काही वर्षांतच प्रकृती गमावून बसतात. लंडनमधील सुताराची पुरी ताकद आठ वर्षांपेक्षा अधिक टिकत नाही असे मानले जाते, असे सांगताना स्मिथने रामाझिनी यांची साक्ष काढली. मजुरीची पद्धत माणसाला दुखऱ्या शरीराने कसे राबवते, हे अर्थशास्त्रज्ञाच्याही लक्षात आले होते.

त्याचे मोजमाप व्हायला मात्र दोन शतके जावी लागली. १९८७ मध्ये उत्तर युरोपातील संशोधकांनी स्नायू व सांध्यांच्या तक्रारींसाठी एक प्रमाणित प्रश्नावली तयार केली. शरीराच्या नऊ भागांपैकी कोणता भाग गेल्या बारा महिन्यांत आणि गेल्या सात दिवसांत दुखला, हे तीत विचारले जाते. दुखण्यामुळे काम किती घटले, हे जाणून घेण्यासाठी १९९३ नंतर वेगवेगळ्या प्रश्नावल्या पुढे आल्या. एकीत अवघे सहा प्रश्न असून गेल्या सात दिवसांत आजाराचा कामावर किती परिणाम झाला ते शून्य ते दहा या मापावर सांगायचे असते. २००१ सालच्या दुसऱ्या एका प्रश्नावलीत पंचवीस प्रश्न आहेत आणि वेळ सांभाळणे, शारीरिक हालचाल, मानसिक व परस्परसंबंधांच्या बाजू आणि प्रत्यक्ष उत्पादन अशी त्यांची चार गटांत विभागणी आहे. अडचण अशी, की एकाच कामगाराला दोन वेगवेगळ्या प्रश्नावल्या दिल्या तर नुकसानीचे दोन वेगळे आकडे हाती येतात. सांधेदुखी सकाळी एक आणि संध्याकाळी वेगळी असते. आज कमी काम झाले, तर उद्या जास्त राबून माणूस ते भरून काढतो. जोडीदार त्याचा भार उचलतो. नोकरी जाण्याच्या भीतीने उत्तरही जपून दिले जाते.

स्वीडनमध्ये २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सुमारे एकतृतीयांश नोकरदारांनी वर्षभरात दोन किंवा अधिक वेळा, रजा घ्यायला हवी होती अशा अवस्थेत आपण कामावर गेल्याचे सांगितले. रुग्णसेवा आणि शिक्षण या क्षेत्रांत हे प्रमाण अधिक होते आणि मान व पाठीचा वरचा भाग दुखणारे लोक अशा हजेरीत पुढे होते. आपण नसलो तर आपले काम दुसरे कोणी करणार नाही, ही जाणीव त्यांना कामावर खेचून आणत होती. मोदेनाच्या विणकरणीला ही प्रश्नावली दिली असती, तर तिने काही वेगळे उत्तर दिले असते असे नाही.

आजच्या मोजमापाचा रोख पुष्कळदा उत्पादनाच्या नुकसानीकडे असतो. दुखऱ्या पाठीमुळे मालकाचे किती तास वाया गेले, त्यांचे पैशात मूल्य किती, हे आकडे व्यवस्थापनाला पटवण्यासाठी उपयोगी पडतात, यात शंका नाही. चांगली खुर्ची, वजन उचलण्याचे यंत्र, कामात विसाव्याची सोय यांवर खर्च करायला अशा आकड्यांशिवाय सहसा कोणी तयार होत नाही. परंतु रामाझिनी यांचा हिशेब दुसऱ्या बाजूने सुरू होत असे. कामाने माणसाला काय दिले आणि त्याच्याकडून काय काढून घेतले, हे ते पाहत. दस्तऐवज-लेखकाने किती पाने कमी लिहिली, याची नोंद त्यांनी केली नाही. त्याचा एक हात गेला आणि मग दुसराही गेला, याची केली. दोन्ही हिशेब हवेत. पण दुसरा विसरला गेला, तर पहिला हे केवळ दुखऱ्या माणसाकडून अधिक काम काढून घेण्याचे साधन ठरते.

१९८२ मध्ये व्यवसायजन्य आणि पर्यावरणीय आरोग्याच्या क्षेत्रातील शास्त्रज्ञांनी ‘कोलेजियम रामाझिनी’ ही आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन केली. तिचे केंद्र रामाझिनी यांच्या जन्मगावी, कार्पी येथे आहे. त्यांचे याहून मोठे स्मारक मात्र दगडामातीचे नाही. कुठल्याही दवाखान्यात धरलेली पाठ किंवा सुजलेले मनगट घेऊन कोणी आला आणि औषध लिहिण्यापूर्वी डॉक्टरांनी त्याला बसवून तो काम काय करतो एवढे विचारले, की मोदेनाच्या त्या वैद्याचे काम पुढे चालू राहते.